रहाट वाजला पाहिजे: एका थेट भयश्रुतिकेच्या कामाच्या नोंदी

१३ ऑगस्ट २०२३, रविवार

शिकागोकडच्या आमच्या मंडळाने कोजागिरीला आम्हाला अर्धा तास दिला. २८ ऑक्टोबर, शनिवार, जेवणं झाल्यावर आणि दूध आटून येण्याच्या आधी. एरवी त्या वेळात भावगीतं असतात. यंदा शेजारपाजारच्या तीन-चार घरांनी मिळून भुताची श्रुतिका करायची आहे, आणि तीही १९३०-४० च्या दशकांत अमेरिकन रेडिओवर व्हायची तशी. एक मायक्रोफोन, हातात कागद, सगळे आवाज जागेवर हाताने काढलेले. लॅपटॉपमधून काहीही वाजवायचं नाही. नोंदी ठेवतोय त्या अशासाठी की पुढे कुणाला हा खटाटोप करावासा वाटला, तर आमचे पैसे आणि शनिवार जिथे पाण्यात गेले तिथे त्यांचे जाऊ नयेत.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ऑफिसच्या वाटेवर. शिकागो नदीकाठच्या मर्चंडाइज मार्टपाशी माझी लोकल रोज थांबते. त्या अवाढव्य इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर एनबीसी या रेडिओ कंपनीचे स्टुडिओ होते. तिथूनच जानेवारी १९३४ मध्ये लेखक विलिस कूपरने ‘लाइट्स आउट’ ही भयश्रुतिकांची मालिका सुरू केली. वेळ मध्यरात्रीची, श्रोत्यांना सांगणं एकच: दिवे घालवा. कूपरचे ते पहिले प्रयोग आता ऐकायला मिळत नाहीत, त्यांची ध्वनिमुद्रणं उरलेली नाहीत. १९३६ मध्ये तो हॉलिवूडला गेला आणि कार्यक्रम आर्च ओबोलरच्या हातात आला. आज ‘लाइट्स आउट’ म्हणून जे सापडतं त्यातलं बरंचसं ओबोलरचं, १९४२-४३ मधलं.

जुनी संहिता मराठीत आणायची नाही असं ठरवलं. हक्कांची भानगड आहेच, शिवाय त्या जुन्या श्रुतिकांतलं तेलविहिरीवरचं भूत आमच्या प्रेक्षकांना परकं वाटणार. गोष्ट मीच लिहिली आहे. १९७४ साल, रत्नागिरीकडचं घर, ते विकायला मुंबईहून आलेला धाकटा मुलगा. विहिरीवर पंप बसलाय, जुना रहाट काढून पडवीत टाकलाय. रात्री विहिरीकडून रहाट फिरल्याचा आवाज येतो. बस, एवढीच. थोडक्यात, सगळा डोलारा एका आवाजावर उभा आहे.

२० ऑगस्ट

सगळ्यांना बेसमेंटमध्ये बसवून, दिवे घालवून जुने प्रयोग ऐकवले. नमुना कानांवर पडल्याशिवाय कुणी कागद हातात घेऊ नये असं माझं मत होतं.

आधी ‘सस्पेन्स’ या रेडिओ मालिकेतलं ‘द हाउस इन सायप्रेस कॅनियन’, डिसेंबर १९४६ चं. मला फार आवडतं, पण मंडळींना इंग्रजीचा वेग झेपेना. पलीकडच्या घरातले काका झोपले.

मग ‘द हिच-हायकर’. लुसिल फ्लेचरने लिहिलेलं, नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने ‘सस्पेन्स’वर २ सप्टेंबर १९४२ ला केलेलं. फ्लेचर आणि तिचा नवरा, संगीतकार बर्नार्ड हरमन, १९४० मध्ये गाडीने कॅलिफोर्नियाला निघाले होते. ब्रुकलिन ब्रिजवर तिला एक विचित्र दिसणारा माणूस दिसला. काही वेळाने न्यू जर्सीत पुलास्की स्कायवेवर पुन्हा तोच. गोष्ट तिथून आली. यात सगळ्यांना सर्वांत भिववणारी जागा कुठली वाटली? शेवटी नायक न्यू मेक्सिकोतून घरी फोन लावतो. तीन डॉलर पंच्याऐंशी सेंट भरा, असं ऑपरेटर कोरड्या आवाजात सांगते आणि नाणी एकेक करून पडत राहतात. किंकाळी नाही, वारा नाही, नुसती नाणी. हे वहीत लिहून ठेवलं, पण त्याचा अर्थ तेव्हा नीट लागला नव्हता.

तिसरं ‘क्वाएट, प्लीज’मधलं ‘द थिंग ऑन द फोर्बल बोर्ड’, ९ ऑगस्ट १९४८. हे पुन्हा कूपरचंच. ध्वनिमुद्रण खराब, खरखर खूप. या मालिकेच्या ज्या तबकड्या उरल्या त्या बहुतेक अशाच. काकांना मात्र खरखरीचं काही वाटलं नाही. मुंबई केंद्रावरच्या श्रुतिका त्यांनी असल्याच खरखरीतून ऐकल्या होत्या म्हणे. हे ऐकताना ते जागे राहिले.

२ सप्टेंबर

मायक्रोफोन. त्या काळच्या स्टुडिओंत आरसीए कंपनीचा ४४ नंबरचा रिबन माइक असायचा, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी असलेला. त्याला पुढून आणि मागून ऐकू येतं, दोन्ही बाजूंनी मात्र तो जवळजवळ बहिरा. नट समोरासमोर उभे राहायचे आणि पात्राला लांब जायचं असलं की नट एक पाऊल बाजूला सरकायचा. खरा आरसीए आमच्या आवाक्याबाहेर. साधा रिबन माइक जुन्यात ८५ डॉलरला मिळाला.

पहिली अडचण म्हणजे रिबनचा आवाज फार बारीक. आमच्या स्वस्त मिक्सरवर बटण पूर्ण फिरवलं की माणसाइतकीच मिक्सरची सुसूही ऐकू येते. मध्ये लावायचा छोटा बूस्टर ६० डॉलरला घेतला, सुसू गेली. हा खर्च आधीच धरा.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. भ, फ, ख, घ म्हटलं की श्वासाचा झोत पट्टीवर आदळतो आणि धप् असा आवाज होतो. आणि नाटक भुताचं! पहिल्याच वाक्यात ‘भाऊ’, ‘फाटक’ आणि ‘भर दुपारी’. तोंडापासून माइक दोन हात लांब ठेवला, तोंड किंचित तिरकं केलं, तरी ‘फाटक’ ऐकू येई ते फटाक्यासारखं. शेवटी वाक्यच बदललं. फाटकाचं कवाड झालं, भाऊंचे अण्णा झाले. रिबनवर फुंकर मारून ‘चालू आहे का’ असं कुणालाही पाहू देऊ नका. पट्टी इतकी पातळ असते की ती ताणली जाते.

जमिनीवर चिकटपट्टीने खुणा केल्या: जवळ, मधला, लांब, बाहेर.

४ सप्टेंबर, लेबर डे

सुट्टीचा दिवस दारात गेला. शब्दशः दारात.

गोष्टीत एक दार कुरकुरतं. ‘इनर सँक्टम’ची सुरुवात ज्या कुरकुरत्या दाराने व्हायची ते दार कोण विसरेल! जानेवारी १९४१ ते ऑक्टोबर १९५२ पर्यंत त्या एका आवाजावर मालिका ओळखली गेली. म्हणून दोन बाय तीन फुटांची चौकट केली, त्यात फळी बसवली, दोन नव्या बिजागऱ्या लावल्या. लाकूड आणि बिजागऱ्या मिळून ३४ डॉलर. दार सुरेख फिरलं. अजिबात आवाज न करता.

बिजागऱ्या काढून मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या. गंज चढला, पण आता दार खरवडल्यासारखं वाजायचं आणि दोन-तीनदा फिरलं की गंज पडून पुन्हा गप्प.

संध्याकाळी ‘इनर सँक्टम’चा निर्माता हाइमन ब्राउनचा किस्सा वाचला, तो सकाळीच वाचायला हवा होता. त्यानेही पहिल्या वेळी दारच आणलं होतं आणि ऐन वेळी ते कुरकुरलंच नाही. मग जवळची एक गंजलेली खुर्ची ओढून तो तिच्यात बसला आणि वळला. पुढे तो आवाज खुर्चीचाच राहिला. एकदा तर स्टुडिओतल्या कुणी भल्या माणसाने खुर्ची दुरुस्त करून तेल घातलं, आणि त्या दिवशी साउंड मॅनला तोंडाने कुरकुर काढावी लागली.

पलीकडच्या गल्लीत कुणीतरी गराज सेलमध्ये पाच डॉलरला फिरती खुर्ची विकत होतं. उत्तम दार आहे ते.

१० सप्टेंबर

रहाट. यासाठी खुर्ची चालत नाही, तिचा आवाज लोखंडी. रहाटाच्या लाकडी कण्याचा आवाज जाडा, ओलसर, आणि फिरवणाऱ्याच्या जोराबरोबर चढतो-उतरतो. खूप शोधाशोध केल्यावर उपाय साधा निघाला. ओकच्या ठोकळ्याला भोक पाडायचं, त्यात घट्ट बसेल अशी लाकडी खुंटी घालायची, खुंटीला व्हायोलिनवाल्यांची राळ चोळायची आणि हळूहळू पिळायची. राळ सहा डॉलरची, वर्षभर पुरेल. नुसता ठोकळा हातात धरला तर आवाज किरटा येतो. रिकाम्या लाकडी पेटीवर दाबून धरला की घुमतो. खुंटी पाइनची घेऊ नका, मऊ पडते आणि लगेच गुळगुळीत होते.

हे काम माझ्या मुलीकडे दिलं. चौदा वर्षांची आहे, मनगटात जोर आहे आणि तिने आयुष्यात रहाट पाहिलेला नाही. शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व पुढे कळेल.

वाऱ्याचं यंत्रही झालं. लाकडी पिंप, त्याच्या परिघावर पट्ट्या, वरून कापड ताणलेलं, बाजूला फिरवायला दांडा. जोरात फिरवलं की वारा चढतो, हळू केलं की पडतो. आधी नायलॉनची ताडपत्री लावली होती. पिशवी चुरगाळल्यासारखा आवाज. रंगाऱ्यांचं जाडं सुती कापड लावल्यावर जमलं. पट्ट्यांच्या कडा पॉलिश पेपरने गोल केल्या होत्या, त्या पुन्हा रंधून धारदार कराव्या लागल्या. एकूण ४० डॉलर.

गडगडाटासाठी पत्रा आणला, २२ डॉलर. बेसमेंटमध्ये तो पत्राच वाटतो. सोडून दिला. गोष्टीत पाऊस नाहीच मुळी.

१६ सप्टेंबर

‘लाइट्स आउट’चा उल्लेख झाला की प्रत्येकजण किळसवाण्या आवाजांबद्दल विचारतो. ओबोलरच्या ‘द डार्क’मध्ये काळ्या धुक्यात माणूस आतून बाहेर उलटा होतो. त्यासाठी ओला रबरी हातमोजा उलटवायचे आणि त्याबरोबर फळांची टोपली चिरडायचे. हाडं मोडायला बरगड्यांचं मांस वापरायचे. आमच्या नाटकात यातलं काहीच नाही, पण दोन तरुण मंडळी हट्टाला पेटली की करून बघूच. बरगड्यांवर वहिनींनी नकाराधिकार वापरला, त्यांच्या बेसमेंटमध्ये ते चालणार नाही म्हणाल्या. सेलरीचे दांडे पिळले, हाड मोडल्यासारखा आवाज अगदी हुबेहूब. कोबी सुरीने चिरला, तोही भयंकर. मग सगळे हसत सुटले आणि कोबीची भाजी केली.

माझं मत वाद घालण्याइतकं पक्कं आहे: ओबोलरचा ‘चिकन हार्ट’वाला, म्हणजे वाढत वाढत सगळं गिळणाऱ्या कोंबडीच्या हृदयाचा, मार्ग वेगळा, कूपरचा वेगळा. १९३७ चं ते मूळ ‘चिकन हार्ट’ आता उपलब्ध नाही, आणि ऐकलेल्यांना ते जन्मभर आठवत राहिलं यात शंका नाही. पण पंचवीस मिनिटांत एकदाच भिववायचं असेल, तर ‘क्वाएट, प्लीज’ पाहा. तिथे निवेदक-नट अर्नेस्ट चॅपेल एकटाच, गप्पा मारल्यासारखा बोलत राहतो आणि आवाज मोजकेच असतात.

यानंतर गणपती. दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, दहा दिवसांचे, सगळ्यांकडे जायचं असतं. काम बंद.

३० सप्टेंबर

पहिलं पूर्ण वाचन, आमच्या बाहेरच्या पाच जणांसमोर. मध्ये चादर टांगली, कारण आवाज काढणारा दिसला की लोक हसतात हे कोबीने शिकवलं होतं. तेवीस मिनिटांत झालं. वारा छान, खुर्ची छान, दोन्ही नट उत्तम.

कुणीही घाबरलं नाही.

नंतर प्रत्येकाला विचारलं, विहिरीकडून कसला आवाज आला? एकजण म्हणाला झोपाळा. एकीला जुनं दार वाटलं. एका मुलाला कुणीतरी फुगा घासतंय असं. एका मावशींना बेडूक. रहाट कुणीच म्हणालं नाही. आणि या मावशी मूळच्या गुहागरच्या, बालपण रहाटाचं पाणी पिण्यात गेलेलं!

खरा रहाट ध्वनिमुद्रित करून मागवावा, असा एक सूर निघाला. मी नाही म्हटलं. खरा रहाट ऐकवला असता तरी अंधारात तो बेडूकच वाटला असता, याची मला खात्री होती. रात्री घरी जाऊन पुन्हा जुने प्रयोग ऐकले, या वेळी भुताकडे लक्ष न देता फक्त आवाजाच्या आधीची दोन-तीन वाक्यं लिहून काढत.

‘फोर्बल बोर्ड’मध्ये कूपर काय करतो ते तेव्हा उमगलं. चॅपेलचं पात्र बराच वेळ नुसतं तेलविहिरीचं काम समजावत बसतं. मनोऱ्याची उंची, नळ्या कशा जोडतात, चार नळ्यांच्या उंचीवरची ती फळी म्हणजे काय. कंटाळवाणं नाही, पण भितीदायकही नाही. मग वरून काही आवाज आला की तो कुठून येतोय हे आपल्याला ठाऊक असतं. ‘हिच-हायकर’ची नाणी कशी लागली तेही कळलं. ऑपरेटर रक्कम सांगते, थोडे पैसे पडतात, किती राहिले ते पुन्हा सांगते, म्हणजे आपणही मोजायला लागतो.

आमच्या संहितेत ‘रहाट’ हा शब्द नवव्या पानावर होता आणि आवाज चौथ्या.

१ ऑक्टोबर

सुरुवात नव्याने लिहिली. आता नाटक लहानपणाने सुरू होतं. पहाट, आई पाणी काढतेय, मुलगा अंथरुणात पडून ऐकतोय. तीन कुरकुरी, मग पोहरा कट्ट्यावर टेकल्याचा ठप्प. पुन्हा तीन, आणि ठप्प. निवेदक म्हणतो, ‘मी झोपेतसुद्धा मोजायचो. तीन आणि ठप्प. मग आई कळशी भरायची.’ प्रेमाची आठवण आहे, भीतीचा मागमूस नाही.

रात्रीच्या प्रसंगात ती पहिली कुरकुर. थांबणं. दुसरी. थांबणं. आणि तिसरी येतच नाही. निवेदक बोलू लागतो, कंदील शोधतो, स्वतःची समजूत घालतो, दीड पान जातं. मग तिसरी.

त्याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या पाच जणांना बोलावलं. दुसऱ्या कुरकुरीनंतर एका काकूंनी शेजारणीचा हात धरला. नंतर आवाज कसला होता विचारलं, तर पाचही जण: ‘रहाटाचा, अजून कसला?’ खुंटी तीच, ठोकळा तोच, मुलगीही तीच. तुम्ही हे करणार असाल तर आवाज अधिक हुबेहूब करण्यात वेळ घालवण्याआधी संहितेतलं आधीचं पान तपासा. आम्ही उलटं केलं आणि सप्टेंबर गेला.

आणखी एक. आवाजांमधल्या अंतराचा ठेका खुद्द आवाजापेक्षा जास्त चालतो. मुलीकडून कधी कुरकुर किरटी निघाली तरी चाललं, पण मधलं अंतर चुकलं तर सगळंच ओमफस. म्हणून तिच्या कागदावर शब्द नाहीत, सेकंद लिहिले आहेत.

७ ऑक्टोबर

विहिरीतून आईचा आवाज येतो, एकदाच, ‘बाळ’ म्हणून. त्याला घुमारा हवा. जुन्या स्टुडिओंत त्यासाठी वेगळी खोली असे. गुळगुळीत कडक भिंती, आत स्पीकर आणि दुसरा माइक. वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या श्रुतिकेच्या वेळी, ३० ऑक्टोबर १९३८ ला, मंगळावरच्या यानाचं झाकण उघडतानाचा आवाज शौचालयात बरणीचं झाकण फिरवून काढला होता म्हणतात. तिथला असे आवाज काढण्याचा विभाग ओरा निकोल्स सांभाळायची.

आमच्या बेसमेंटच्या बाथरूममध्ये झकास जमलं. पण सभागृहाचं बाथरूम कार्यक्रमाच्या दिवशी शंभर माणसांचं. काही तिथल्या तिथे होणारं हवं होतं. मंडळाचं मोठं स्टीलचं पातेलं आडवं ठेवून वहिनींनी त्यात तोंड घालून हाक मारली, माइक पातेल्याच्या तोंडापासून हातभर लांब. विहीर! पातेल्याला बाहेरून टॉवेल गुंडाळा, नाहीतर शेवटी भांड्याची किणकिण राहते. आणि ‘बाळ’मधला ब जपून.

पातेलं नेमकं दूध आटवायचं होतं. स्वयंपाकघरवाल्यांशी बोलणी झाली. दुसरं, थोडं पोचे आलेलं, आम्हाला मिळालं.

१४ ऑक्टोबर

संगीत. अमेरिकन रेडिओवर ऑर्गन असायचा, आमच्याकडे पायपेटी. काही वाजवलं की लोकांना आरती सुरू होतेय असं वाटतं. सूरच काढून टाकले. फक्त खर्जातला सा आणि त्याला चिकटून कोमल रे, दोन्ही एकदम धरून ठेवायचे, बाकी काही नाही. पेटीवाल्या काकांना हे संगीत वाटत नाही, पण करतायत.

आज शांततेचा सराव केला. ‘क्वाएट, प्लीज’ची सुरुवातच चॅपेलच्या त्या दोन शब्दांनी व्हायची. एकदा म्हणायचा, थांबायचा, पुन्हा म्हणायचा. आम्ही तिसऱ्या कुरकुरीआधी सात सेकंद पूर्ण शांतता ठेवली आहे. नटांना सात सेकंद गप्प उभं करणं हे या सगळ्यात सर्वांत अवघड. कुणी घसा खाकरतं, कुणी कागद सरकवतं. चौथ्या सेकंदाला निवेदकाला वाटतं की समोरचा विसरला, आणि तो बोलून मोकळा होतो. घड्याळ देऊन उपयोग नाही, ते घड्याळाकडे बघतात. आता मी हात वर धरतो, खाली केला की मुलगी खुंटी पिळते. तोवर कुणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही.

कागदांना पिन लावू नका. एक पान वाचून झालं की सरळ जमिनीवर सोडायचं, तसंच करायचे. टॅबलेटचा उजेड चादरीतून दिसतो.

२१ ऑक्टोबर

सभागृहात रंगीत तालीम. पूर्ण काळोख होत नाही. आपत्कालीन दाराच्या लाल पाट्या झाकायला परवानगी नाही, आणि नसावीच. प्रेक्षकांच्या खुर्च्या त्या पाट्यांकडे पाठ करून मांडल्या.

स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा माइकमध्ये येतो. पंचवीस मिनिटं पंखा बंद आणि दूध मंद आचेवर, हे मान्य झालं. त्यांना मात्र करपण्याची भीती, भुताची नव्हे.

झाडांची वाळलेली पानं ट्रेमध्ये भरली होती पावलांसाठी. दोन तालमींत भुगा झाला. जुन्या व्हीएचएस कॅसेटींची टेप काढून तिचा ढीग केला, पालापाचोळा म्हणून बेमालूम चालतो आणि मोडत नाही. आधी कॅसेटीवर काय आहे ते बघून घ्या. आमच्या एका घरात बारसं थोडक्यात वाचलं.

२८ ऑक्टोबर

झालं.

सातव्या पानापर्यंत बिनचूक. मग दुसऱ्या नटाची आठ आणि नऊ पानं चिकटली आणि तो आठ गाळून नऊवर गेला. कंदील शोधण्याचा भाग त्या गाळलेल्याच पानावर. निवेदकाने प्रसंग ओळखून मध्येच दोन वाक्यं आपली घातली, आणि मग सात सेकंद. असं मोठमोठ्यांचंही झालंय. २५ मे १९४३ ला ‘सस्पेन्स’वर ‘सॉरी, राँग नंबर’ पहिल्यांदा झालं तेव्हा शेवटी एका नटाचा इशारा हुकला, श्रोत्यांना शेवट कळेना, आणि ऑगस्टमध्ये ते पुन्हा करावं लागलं. आमचा शेवट तरी कळला.

त्या सात सेकंदांत एका लहान मुलाने विचारलं, ‘आई, संपलं?’ चार-दोन लोक हसले आणि लगेच गप्प झाले. हसू विरत असतानाच तिसरी कुरकुर आली. लिहून काढता न येणारी जागा होती ती, पुन्हा तशी मिळणार नाही.

पातेल्यातली हाक जराशी मोठी झाली, स्पीकर कोकलला. कुणी त्याबद्दल बोललं नाही, पण मला ऐकू आलं.

दूध करपलं नाही.

५ नोव्हेंबर

हिशेब. माइक ८५, बूस्टर ६०, दार ३४, खुर्ची ५, वारा ४०, राळ ६, पत्रा २२, भाज्या १०, झेरॉक्स ९. एकूण २७१ डॉलर, त्यातले १५० मंडळाने दिले. दार आणि पत्रा, म्हणजे ५६, सरळ वाया.

ध्वनिमुद्रण मागणाऱ्यांना: आहे, पण देण्यासारखं नाही. रेकॉर्डर मिक्सरऐवजी सभागृहाच्या स्पीकरसमोर ठेवला गेला, त्यात खुर्च्यांचे आवाज जास्त. पुढच्या वेळी मिक्सरमधून थेट घ्यायचं.

माइक आणि बूस्टर माझ्याकडे आहेत, शिकागोच्या आसपास कुणाला करायचं असेल तर नेऊ शकता. वाऱ्याचं यंत्र गराजमध्ये आहे, त्याचं कापड ढिलं पडलंय, नवं लावून घ्या आणि कडेला वजन बांधा. पातेलं मंडळाचं आहे, ते मंडळाकडे मागा. खुंटी आणि ठोकळा मुलीने द्यायला नकार दिलाय, पण लाकूड ओकचं आणि भोक पाऊण इंचाचं, एवढं सांगायला ती तयार आहे.